शेतकरी सारथी जिम क्लार्क

महाभारतातील नलोपाख्यान आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले किंवा ऐकले असेल. अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाला एका दिवसात विदर्भातील कुंडिनपुरास पोहोचावयाचे होते. त्याच्या पदरी बाहुक व वार्ष्णेय असे दोन सारथी होते. बाहुकाने अश्वशाळेतून जे घोडे निवडले ते इतके कृश दिसत होते की, ते एवढी मजल मारतील यावर राजाचा विश्वास बसेना. परंतु रथ धावू लागला आणि रथातच बसलेला वार्ष्णेय विस्मयाने थक्क झाला. रथ ओळखीचा, घोडे त्याच अश्वशाळेतले. आणि तरीही लगाम दुसऱ्या हाती जाताच रथाचे जणू रूपच पालटले! हा बाहुक म्हणजे वेष पालटलेला नलराजाच तर नसेल ना, अशी शंका वार्ष्णेयाच्या मनात आली ती त्याच प्रवासात.

एकच वाहन दोन सारथ्यांच्या हाती दिले असता एक पुढे का जातो व दुसरा मागे का राहतो, हा प्रश्न असा फार जुना आहे. विसाव्या शतकात तो सर्वांत ठळकपणे पुढे आला तो मोटारींच्या शर्यतींत. तेथे प्रत्येक संघ आपल्या दोन चालकांना एकाच आराखड्यावरून बांधलेल्या दोन गाड्या देतो. म्हणून शर्यतीच्या चालकाचा पहिला प्रतिस्पर्धी परक्या संघातला नसून स्वतःच्याच संघातला सहकारी असतो. कारण तेथे गाडीचे निमित्त सांगता येत नाही. निदान तसा समज आहे. हा समज कितपत खरा आणि चालकाच्या अंगी असलेल्या जुळवून घेण्याच्या गुणाचे मोल किती, हे ज्याच्या चरित्रावरून उत्तम प्रकारे कळते, त्या स्कॉटलंडच्या जिम क्लार्कची ही जीवनकथा आहे.

जिम क्लार्कचा जन्म दि. ४ मार्च १९३६ रोजी स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात किलमनी या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. चार बहिणींच्या पाठीवर झालेला तो एकुलता एक मुलगा. १९४२ मध्ये हे कुटुंब इंग्लंडच्या सीमेलगत बेरिकशर परगण्यातील एडिंग्टन मेन्स या शेतवाडीवर राहावयास आले. मेंढ्या, गुरे आणि पिके यांच्या सहवासात तो वाढला. शेतावरील ट्रॅक्टर आणि गाड्या चालवण्याचा नाद त्याला लहानपणीच लागला. सोळाव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि तो शेतीच्या कामाला लागला. एकुलत्या एका मुलाने जीव धोक्यात घालावा हे आईवडिलांना मुळीच पसंत नव्हते. त्यांचा विरोध पुष्कळ दिवस टिकला, आणि क्लार्कनेही शेती कधी मनातून टाकली नाही.

१९५६ मध्ये ॲबर्डीनशरमधील क्रायमंड येथे तो प्रथमच शर्यतीत उतरला. गाडी त्याच्या मित्राची, इयान स्कॉट वॉटसनची, होती. डीकेडब्ल्यू बनावटीची ती साधी गाडी काही शर्यतीसाठी बांधलेली नव्हती. नवखा क्लार्क त्याच गाडीतून गाडीच्या मालकापेक्षा अधिक वेगाने जाऊ लागला! तेव्हा मित्राने मत्सर केला नाही. आपल्यापेक्षा याचा हात चांगला आहे हे ओळखून त्याने स्वतः मागे राहून क्लार्कला पुढे केले. बॉर्डर रीव्हर्स नावाच्या स्थानिक संघातून क्लार्क मग मोठ्या ताकदीच्या गाड्या चालवू लागला. दि. २६ डिसेंबर १९५८ रोजी ब्रँड्स हॅच येथे लोटस बनावटीच्या एका गाडीतून तो त्या गाड्यांचा निर्माता कॉलिन चॅपमन याच्याशीच झुंजला. शर्यत चॅपमनने जिंकली, क्लार्क दुसरा आला. पण या शांत, लाजाळू शेतकऱ्याला चॅपमनने मनात टिपून ठेवले. १९६० मध्ये क्लार्क लोटस संघात दाखल झाला, आणि फॉर्म्युला वन या सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतींत अखेरपर्यंत त्याने दुसरा संघ पाहिला नाही.

पुढील कथा समजण्यासाठी गाडीच्या स्वभावाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. डिचोली तालुक्यातील मुलांना ते कळावयास कठीण नाही. आपल्या रस्त्यांवरून लोहखनिज वाहणारे ट्रक आपण पाहिले आहेत. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक ही एकाच चालकाला दोन निराळी वाहने वाटतात. भरलेला ट्रक सहजी वळत नाही व सहजी थांबत नाही. रिकाम्याची मागची चाके पावसात ओल्या तांबड्या मातीवरून चटकन घसरतात. शर्यतीच्या गाडीतही असेच दोन स्वभाव असतात. एक गाडी वळणावर पुढची चाके वळवूनही सरळच जाऊ पाहते. तिला वळण्याचा आळस असतो. दुसरी वळणात शिरताच मागचा भाग बाहेर फेकते आणि क्षणात गर्रकन फिरते. स्प्रिंगांचा ताठपणा, टायरांतील हवा, चाकांचा कल, टाकीतील इंधनाचे ओझे, रस्त्यावरील ओल यांपैकी एक गोष्ट बदलली तरी गाडीचा स्वभाव बदलतो. शर्यत सुरू होताना टाकी भरलेली असते आणि संपताना जवळजवळ रिकामी. म्हणजे दोन तासांत चालकाच्या हाताखालून जणू दोन-तीन निरनिराळ्या गाड्या जातात.

अशा वेळी चालकापुढे दोन मार्ग असतात. गाडीचा स्वभाव आपल्या हाताला रुचेल असा करून घेणे हा एक मार्ग. आपला हात गाडीच्या स्वभावानुसार वळवणे हा दुसरा. नार्वे धक्क्यावरून दिवाडीकडे जाणारी फेरीबोट पाहा. भरती-ओहोटीच्या ओढीप्रमाणे तिचे तोंड कधी इकडे, कधी तिकडे धरावे लागते. नदी तर कोणाच्या सोयीने वाहत नाही. क्लार्क हा या दुसऱ्या मार्गाचा पांथस्थ होता, आणि त्या मार्गावर त्याच्याइतका दूर गेलेला चालक क्वचितच झाला.

त्याचे चालवणे पाहणाऱ्यास संथ वाटे. स्टिअरिंगला हिसका नाही, ब्रेकवर दणका नाही, चाकांचा आक्रोश नाही. वळणाआधी ब्रेक दाबताना तो पाय हळूहळू सैल करीत वळणात शिरे, त्यामुळे गाडीचा तोल ढळत नसे. त्याच्या गाडीचे ब्रेक आणि टायर इतरांच्या मानाने कमी झिजतात, हे संघातील यांत्रिकांच्या ध्यानी आले होते. मात्र तो हे कसे करतो, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नसे. इतर चालक हळू का जातात, याचेच त्याला कोडे पडे!

या क्रीडेची काळी बाजू त्याला आरंभीच दिसली. जून १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे त्याची दुसरीच मोठी शर्यत होती. तेथे सरावात एका लोटस गाडीचे चाक निखळून स्टर्लिंग मॉस गंभीर जखमी झाला. प्रत्यक्ष शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि क्लार्कचा संघसहकारी ॲलन स्टेसी या दोन तरुण चालकांचा मृत्यू झाला. क्लार्क त्या दिवशी पाचवा आला, पण स्पाविषयीचा तिटकारा त्याच्या मनातून कधीच गेला नाही. पुढच्या वर्षी इटलीतील मोंझा येथे त्याच्या गाडीचा आणि जर्मन चालक फोन ट्रिप्स याच्या गाडीचा स्पर्श झाला. त्या अपघातात फोन ट्रिप्स व कित्येक प्रेक्षक प्राणास मुकले. चॅपमनच्या गाड्या वजनाने हलक्या, म्हणून वेगवान. पण त्याच हलकेपणामुळे नाजूकही असत. आपण कोणत्या गाडीत बसतो आहोत, याची क्लार्कला पूर्ण जाणीव होती.

१९६२ मध्ये चॅपमनने लोटस २५ ही गाडी आणली. तोपर्यंत शर्यतीच्या गाड्यांचा सांगाडा लोखंडी नळ्यांचा असे. या गाडीत त्याऐवजी पत्र्याची एक सलग नाव होती आणि चालक तिच्यात जवळजवळ उताणा पहुडलेला असे. ही गाडी अधिक ताठ व अधिक हलकी होती. हॉलंडमधील झांडव्होर्ट येथे ती प्रथम धावली तेव्हा एक गंमत झाली. नव्या गाडीतील क्लार्क क्लच बिघडल्यामुळे नववा आला आणि त्याचा सहकारी ट्रेव्हर टेलर जुन्या नळ्यांच्या गाडीतून दुसरा आला! एका दिवसाच्या निकालावरून दोघा सहकाऱ्यांची तुलना करणारा किती फसेल, याचे हे उत्तम उदाहरण आहे. त्यानंतर महिन्याभरातच, ज्या स्पाची त्याला घृणा होती तेथेच, क्लार्कने आपला पहिला मोठा विजय मिळवला. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद मात्र दक्षिण आफ्रिकेतील अखेरच्या शर्यतीत हुकले. तो आघाडीवर असता एका निसटलेल्या बोल्टाच्या जागेतून तेल गळून गेले आणि मुकुट इंग्लंडच्या ग्रॅहॅम हिलला मिळाला. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

१९६३ हे वर्ष क्लार्कचे. दहांपैकी सात शर्यती त्याने जिंकल्या आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो विश्वविजेता झाला. तोवर इतक्या लहान वयात हा मान कोणाला मिळाला नव्हता. त्या वर्षीची स्पाची शर्यत विशेष स्मरणीय आहे. मुसळधार पाऊस, चौदा किलोमीटरांहून लांब असा झाडांतून व घरांजवळून जाणारा सार्वजनिक रस्ता, आणि त्यात गाडीचा वरचा गिअर आपोआप सुटू लागला. क्लार्कने एका हाताने गिअरचा दांडा दाबून धरला आणि दुसऱ्या एकाच हाताने त्या वेगात, त्या ओल्या रस्त्यावर गाडी वळवली. दुसऱ्या क्रमांकाचा चालक सुमारे पाच मिनिटांनी मागाहून आला.

आता त्याच वर्षातील सहकाऱ्याची कहाणी पाहू. विश्वविजेतेपदाच्या हिशेबात क्लार्कचे ५४ गुण धरले गेले. ट्रेव्हर टेलरला अवघा एक गुण मिळाला. संघ तोच, गाडीचा आराखडा तोच. या आकड्यांवरून टेलर सामान्य चालक होता असे म्हणावे काय? तसे म्हणणे न्याय्य होणार नाही. संघाचे मनुष्यबळ तुटपुंजे होते. उत्तम सुटे भाग आणि चॅपमनचे लक्ष प्रथम क्लार्ककडे जात असे. १९६२ मध्ये स्पा येथे आघाडीच्या गटात झुंजत असता टेलरला भीषण अपघात झाला. १९६३ मध्ये सिसिलीतील एन्ना येथे तो धावत्या गाडीतून बाहेर फेकला गेला. दोन्ही वेळा तो दैवाने वाचला. ज्याच्या गाडीने त्याला असा दगा दिला, त्याच्या मनात वळणावर क्षणभर शंका येणारच. आणि शर्यतीत तो एक क्षणच सारे ठरवतो. पुढच्या वर्षी टेलरच्या जागी आलेल्या पीटर अरंडेलने पहिल्या दोन्ही शर्यतींत तिसरा क्रमांक मिळवून मोठी आशा दाखवली; पण त्याच उन्हाळ्यात रेंस येथील अपघातात तो जबर जखमी झाला आणि पुढे त्याचा पूर्वीचा वेग परतला नाही. म्हणजे सहकाऱ्यांच्या तुलनेत हाताच्या कसबाप्रमाणेच संघाचे लक्ष, शरीराचे आरोग्य आणि मनाचा विश्वास हेही मोजावे लागतात.

तरीही एक गोष्ट निर्विवाद उरते. क्लार्कला कोणतेही वाहन द्यावे आणि त्याने ते थोड्याच वेळात आपलेसे करावे. १९६४ मध्ये साध्या प्रवासी मोटारींच्या ब्रिटिश स्पर्धेचे अजिंक्यपद त्याने लोटस कॉर्टिना गाडीतून मिळवले. या गाडीचे आतले पुढचे चाक वळणावर अधांतरी उचलले जाई आणि उरलेल्या तीन चाकांवर तो ती खुशाल पिटाळी. दि. ३१ मे १९६५ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत त्याने जिंकली. तेथील अंडाकृती मार्गावर फक्त डावीकडेच वळावयाचे असते. दोनशे फेऱ्यांपैकी १९० फेऱ्यांत तो आघाडीवर होता. चालकाच्या पाठीमागे इंजिन असलेल्या गाडीचा त्या मार्गावरील हा पहिलाच विजय होता. त्याच वर्षी सहा मोठ्या शर्यती जिंकून तो दुसऱ्यांदा विश्वविजेता झाला. त्यांपैकी सिल्व्हरस्टोन येथील शर्यत त्याच्या बुद्धीची साक्ष देते. शेवटच्या टप्प्यात इंजिनातील तेल कमी होऊ लागले. वळणावर तेल एका बाजूस सरके आणि इंजिन कोरडे पडण्याची भीती निर्माण होई. तेव्हा क्लार्क वळणात इंजिन बंद करून गाडी तशीच वाहू देई व सरळ रस्ता आला की पुन्हा चालू करी! पाठीमागून ग्रॅहॅम हिल झपाट्याने जवळ येत होता; अखेर क्लार्क ३.२ सेकंदांनी जिंकला.

आपल्याकडील एक उदाहरण येथे सहज आठवते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत वाढलेले पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना अपरिचित अशा गादीवर आणि परक्या नियमांनी झुंजावे लागले. ते सहावे आले. गादीशी आपले अंग जुळवून घेत त्यांनी चार वर्षे घालवली आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले. खाशाबांना जे अंगमेहनतीने व अभ्यासाने साधावे लागले, ते क्लार्कला गाडीच्या बाबतीत जन्मतःच साधले होते, एवढाच काय तो फरक. दोघांनीही आपल्या सोयीचे मैदान मागितले नाही.

१९६६ मध्ये नियम बदलून मोठी इंजिने आली, तेव्हा लोटस संघाकडे योग्य इंजिनच नव्हते. प्रतिस्पर्धी बीआरएम संघाचे सोळा सिलिंडरांचे अवजड, गुंतागुंतीचे आणि वारंवार बंद पडणारे इंजिन त्यांना बसवावे लागले. त्या इंजिनाने आपल्या सबंध आयुष्यात एकच मोठी शर्यत जिंकली. ती अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथील होती, आणि चालक होता जिम क्लार्क.

१९६७ मध्ये चॅपमनने क्लार्कच्या जोडीला तोलामोलाचा सहकारी आणला. तो म्हणजे तोच ग्रॅहॅम हिल. सहकाऱ्यांच्या तुलनेचा खरा अध्याय येथे सुरू होतो. हिल १९२९ मध्ये लंडनला जन्मला. चोविसाव्या वर्षापर्यंत त्याने मोटार चालवलीच नव्हती. लोटस संघात तो आरंभी यांत्रिक म्हणून हाताला काळे फासून राबला आणि नंतर चालक झाला. उपजत देणगी क्लार्कइतकी नाही हे ओळखून त्याने श्रमाची कास धरली. कोणत्या मार्गावर कोणत्या स्प्रिंगा लावल्या, टायरांत हवा किती होती, कोणता बदल केल्यावर गाडी कशी वागली याची टिपणे तो वहीत करून ठेवी. गाडी मनाजोगी होईपर्यंत यांत्रिकांचा पिच्छा तो सोडत नसे. थोडक्यात, क्लार्क स्वतःला गाडीशी जुळवून घेई, तर हिल गाडीला स्वतःशी जुळवून आणी.

त्या वर्षी कॉसवर्थ कंपनीने फोर्डच्या पैशाने बांधलेले नवे इंजिन आणि त्याभोवती रचलेली लोटस ४९ ही गाडी सिद्ध झाली. गाडी अत्यंत वेगवान, पण तिचा स्वभाव उग्र. इंजिनाची गती एका मर्यादेपलीकडे गेली की शक्ती एकदम उसळे आणि वळणावर मागची चाके घसरत. ब्रिटनमधील करांमुळे क्लार्क त्या वर्षी परदेशी राहत होता. त्यामुळे गाडीची प्राथमिक चाचणी सर्वस्वी हिलने केली. दि. ४ जून १९६७ रोजी झांडव्होर्ट येथे ती प्रथम शर्यतीत उतरली. क्लार्कने ही गाडी त्याच सप्ताहात पहिल्यांदा पाहिली. सरावात सर्वांत कमी वेळ हिलने नोंदवला, आणि तसे होणे स्वाभाविकच होते. क्लार्क आठव्या स्थानावरून निघाला. शर्यतीत हिल आघाडीवर असता त्याचे इंजिन निकामी झाले. क्लार्कने फेरीगणिक या अनोळखी गाडीचा स्वभाव ओळखत एकेकाला मागे टाकले आणि शर्यत जिंकली.

वर्षअखेर हिशेब असा झाला. त्या दिवसापासूनच्या नऊही शर्यतींत आरंभीचे पहिले स्थान लोटसकडेच होते. सहा वेळा ते क्लार्कला मिळाले, तीन वेळा हिलला. क्लार्कचे विजय चार, गुण ४१. हिलचा विजय एकही नाही, गुण १५. इंजिनाने व गिअरांनी हिलला क्लार्कहून अधिक वेळा दगा दिला, हे खरे. पण दगा दोघांनाही मिळाला, आणि तो मिळाल्यावर कोणी काय केले हे पाहण्यासारखे आहे. मोंझा येथे टायर खराब होऊन क्लार्कची पूर्ण एक फेरी वाया गेली. त्याने ती सबंध फेरी भरून काढली, पुन्हा आघाडी घेतली, आणि अखेरच्या फेरीत इंधन अपुरे पडल्यामुळे तो तिसरा आला. वॉटकिन्स ग्लेन येथे दोघा सहकाऱ्यांत कोणी जिंकावे हे नाणे उडवून ठरले होते, आणि कौल हिलच्या बाजूने लागला होता. परंतु हिलच्या गाडीचे गिअर अडू लागले आणि क्लार्क पुढे निघाला. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या असता क्लार्कच्या मागील चाकाला धरणारा दांडा तुटला व ते चाक आत कलले. अशा लंगड्या गाडीला गोंजारत त्याने ती सहा सेकंदांच्या अंतराने हिलच्या पुढे आणली.

येथे थांबून थोडा विचार केला पाहिजे. क्लार्कचा हा गुण संघाला वरदान होता, परंतु त्याला एक दुसरी बाजूही होती. जो चालक कोणत्याही गाडीतून तितक्याच वेगाने जातो, त्याच्या वेळेवरून गाडी सुधारली की बिघडली हे कसे कळावे? स्प्रिंग ताठ केली, तो वेगवान. सैल केली, तरीही वेगवान. गाडीतील दोष त्याच्या हातांत विरून जाई आणि त्याच दोषाशी त्याच्या सहकाऱ्याला मात्र झगडावे लागे. हिल तक्रार करी म्हणून दोष उघड होत. त्याच्या वहीतील टिपणे उद्याच्या चालकाच्याही उपयोगी पडत. म्हणून एकाने जिंकले आणि दुसरा हरला, एवढ्यावर या जोडीचा हिशेब पुरा होत नाही. संघाला दोन्ही प्रकारची माणसे लागतात. जुळवून घेणारा माणूस आजची शर्यत जिंकून देतो; गाडी दुरुस्त करून मागणारा माणूस उद्याच्या शर्यतीची तयारी करतो.

आणि जुळवून घेण्यालाही एक सीमा असते. दि. १ जानेवारी १९६८ रोजी दक्षिण आफ्रिकेत क्लार्कने आपला पंचविसावा विजय मिळवला व अर्जेंटिनाच्या फांजिओचा चोवीस विजयांचा विक्रम मोडला. सर्वांना वाटले, आता तिसरे विश्वविजेतेपद दूर नाही. दि. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील होकेनहाइम येथे एका दुय्यम श्रेणीच्या शर्यतीत तो धावत होता; त्याचा सहकारी हिलही त्याच शर्यतीत होता. पाऊस पडत होता. पाचव्या फेरीत क्लार्कची गाडी एकाएकी मार्ग सोडून कडेच्या झाडांवर आदळली. वाटेत कठडा असा नव्हताच. त्यातच त्याचा अंत झाला. तेव्हा त्याचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते. मागील टायरातील हवा हळूहळू जाऊन ते अचानक रिमवरून सुटले असावे, असे बहुतेक जाणकारांचे मत पडले. ज्या दोषाची चाहूल लागते त्याला हात पुरा पडतो. ज्याची चाहूलच लागत नाही, त्यापुढे नलराजाचेही कसब चालत नाही.

त्याच्या मृत्यूने चालकांच्या मनाचा आधारच सुटला. इतका सावध, इतका कुशल माणूस वाचू शकत नाही, तर आपले काय, असा प्रश्न प्रत्येकाला पडला. त्याचा देशबांधव जॅकी स्टुअर्ट याने शर्यतींच्या सुरक्षिततेसाठी चालवलेल्या चळवळीला या दुःखाने धार आली. पुढे होकेनहाइमच्या त्या मार्गावर लोखंडी कठडे बसले आणि वेग कमी करणारी वळणे घातली गेली. चालकाने जुळवून घ्यावे हे ठीक. पण मार्गाची व यंत्राची सुधारणा ही चालकाच्या कौशल्यावर सोडून देण्याची गोष्ट नव्हे, हे क्रीडाजगताला फार मोठी किंमत देऊन उमगले.

लोटस संघ तर शोकाने खचून गेला होता. चॅपमनचे मन कशातच लागेना. अशा वेळी तो श्रमिक सहकारी पुढे झाला. मे महिन्यात स्पेनमध्ये हिलने शर्यत जिंकली, त्यानंतर मोनॅको जिंकली आणि नोव्हेंबरात मेक्सिको येथे विश्वविजेतेपद मिळवून संघाला पुन्हा उभे केले. क्लार्कच्या सावलीत वर्षभर एकही विजय न मिळालेला हा माणूस कमी प्रतीचा नव्हता, हे त्या वर्षाने सिद्ध केले.

क्लार्कच्या नावावर ७२ मोठ्या शर्यतींतून २५ विजय आणि ३३ वेळा आरंभीचे पहिले स्थान आहे. पण त्याच्या स्वभावात गर्वाचा लवलेश नव्हता. गाडीत बसल्यावर क्षणात अचूक निर्णय घेणारा हा मनुष्य गाडीबाहेर भारी चलबिचल्या होता. सदोदित नखे कुरतडणारा आणि लोकांच्या गर्दीत संकोचणारा. मोकळा वेळ मिळाला की तो आपल्या शेताकडे आणि मेंढ्यांकडे धाव घेई. चर्नसाइड या खेड्यातील चर्चच्या आवारात त्याची समाधी आहे. तिच्यावरील शिलेत त्याची ओळख प्रथम शेतकरी म्हणून आणि मागाहून विश्वविजेता म्हणून कोरलेली आहे. जवळच्याच डन्स गावी त्याचे स्मारक-संग्रहालय आहे.

शेतकऱ्याला आपली जमीन, आपला पाऊस आणि आपली गुरे निवडून मिळत नाहीत. जे वाट्याला येते ते ओळखून त्याला कसावे लागते. क्लार्कच्या हातांतले सारथ्य बहुधा त्या जमिनीतूनच उगवले होते. आपणही एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून निरनिराळे गुण मिळवतो. पुढे गेलेल्याने मागे राहिलेल्याची गाडी कोठे अडते आहे हे विचारावे, आणि मागे राहिलेल्याने हिलप्रमाणे वही काढून आपल्या अडचणी टिपाव्यात. शेतकरी सारथ्याच्या आणि त्याच्या श्रमिक सहकाऱ्याच्या जोडीपासून एवढे घेता आले तरी पुरे आहे.